बंद दाराची खोली आणि हेड्याची दस्ती

माझ्या खोलीत औषध नव्हतं, सुई नव्हती, साधा वजनकाटासुद्धा नव्हता. एक टेबल, काही खुर्च्या, फायलींचं एक कपाट, भिंतीला एक बाक आणि दारावर पाटी, ‘समुपदेशन कक्ष’. जालन्यातल्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात ती पाटी वाचून कुणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक दार ढकलायचे, मला पाहून बिचकायचे आणि विचारायचे, “एक्सरे इथंच काढतेत का?”

“नाही.”

“मंग इथं काय करतेत?”

“बोलतात.”

“नुसतं?”

“नुसतं.”

यावर माणूस आधी माझ्याकडे, मग रिकाम्या टेबलाकडे बघायचा आणि खऱ्या दवाखान्याच्या शोधात पुढे निघून जायचा.

त्या खोलीबद्दल दिवाळी अंकात लिहा असा निरोप आला, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. लिहायला बसते आणि उठते. गॅस बंद आहे ना बघते, उन्हात घातलेली डाळ हलवते, पुन्हा बसते. सून म्हणते, “आई, पायाला भिंगरी लागली का?” लागलीच आहे. दवाखान्याची खुर्ची, पंखा, किल्ली सगळं निवृत्त होताना परत केलं, ही भिंगरी तेवढी माझ्याकडेच राहिली. त्या नोकरीत मला सदानकदा एकच वाटायचं, की या क्षणाला कुणीतरी उपचार अर्धा सोडून गाठोडं बांधतं आहे आणि मी इथे चहा पिते आहे. आता सत्तरी ओलांडली. तरी दुपारी फाटक वाजलं की मी उठून खिडकीशी जाते. कुणी नसतं. मांजर असतं.

काम काय होतं ते सांगते. कॅन्सर झालेला माणूस औषधावर उभा असतो हे खरं, पण नुसत्या औषधावर नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याने ‘शेक घ्यावा लागेल’ असं सांगितलं, की खरे प्रश्न सुरू व्हायचे. शेक म्हणजे किरणांचा उपचार, आमच्याकडे त्याला लाईटही म्हणत. तर शेकाला रोज जायचं कसं, तिकडे राहायचं कुठे, म्हशीची धार कोण काढणार, पोरीचं जमत आलेलं लग्न या आजाराच्या बातमीने फिसकटेल का, आणि घरच्यांनी वेगळा काढलेला ताट-तांब्या पुन्हा चुलीजवळ कधी येणार? डॉक्टरांना एवढं ऐकायला सवड नव्हती. म्हणून मला ठेवलं होतं.

आता तेव्हाची मी. पुण्यात समाजकार्याची पदवी घेतलेली आणि लग्न होऊन जालन्याला आलेली. जिल्हा नुकताच औरंगाबादपासून वेगळा झाला होता, मीही त्याच्याइतकीच नवी कोरी. खळीची सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, डोळ्यांवर हा एवढा गॉगल, आणि वर्गात शिकवलेल्या सगळ्या पायऱ्या क्रमाने तोंडपाठ. आज ती बाई समोरून येताना दिसली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

तिला माणसाला शांत करायची एक रीत येत होती. आजाऱ्याने डोळे मिटायचे, श्वास सैल सोडायचा आणि आपण समुद्रकिनारी आहोत अशी कल्पना करायची. कुंभार पिंपळगावच्या एका म्हातारीला मी अशी किनाऱ्यावर घेऊन गेले. “लाटा येताहेत... पायाला गार पाणी लागतंय...” म्हातारीने माझं मनगट गच्च पकडलं. “बाई, भाईर काढा मला. मला पव्हता येत न्हाई.”

मग मी शहाणी झाले आणि समुद्राच्या जागी शेत घातलं. हिरवंगार शेत, वारा, पाखरं. पुढच्या बाईने डोळे मिटले आणि लगेच कपाळाला आठ्या. काय झालं? “निंदायचं राह्यलंय की.” अखेर मी माझ्याकडची दृश्यं पुरवणं बंद केलं आणि विचारायला लागले, तुम्हाला कुठे बरं वाटतं? एक जण पटकन म्हणाली, “यष्टीत. तिथं कुणी ऊठ म्हणत न्हाई.” मग तिच्यापुरती मी कंडक्टर झाले. तिने डोळे मिटायचे आणि मी हळूहळू म्हणायचं, “जालना... राजूर... भोकरदन...” भोकरदन येईपर्यंत तिचा चेहरा सैल झालेला असायचा. ज्याच्या त्याच्या मापाचं बेतायचं, हे मला त्या कंडक्टरीने शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, ऐकवलं. शिकायला मला यादवराव भेटावे लागले.

यादवराव टेंभुर्णीकडचे. धंद्याने हेडी, म्हणजे बैलांचे दलाल. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मधे हे. त्यांनी एका टोकाला हाक मारली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे बैल कान टवकारायचे, असं म्हणत. मी तो आवाज कधी ऐकला नाही. माझ्याकडे आले तेव्हा घशातून नुसती फरफर येत होती. हळद झाली, ज्येष्ठमध झाला, आवाज बसला तो बसलाच. औरंगाबादला तपासणीत स्वरयंत्रावर गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, भगवानला, बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज कायमचा जाईल. नाही काढलं तर गळा बंद होत जाईल आणि माणूस जाईल. सोमवारी भरती व्हा. पण आजाऱ्याला हे स्वतःला समजलं पाहिजे आणि त्याने कबूल होऊन सही केली पाहिजे, त्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.

म्हणून भगवान अख्खी जीप भरून आमच्या दवाखान्यात आला. समजावून सांगणारी बाई जालन्यात आहे, असं त्याला तिथे कुणीतरी सांगितलं होतं.

“म्याडम, बाबाला समजावून द्या,” भगवान म्हणाला. “फकस्त कॅन्सरचं नाव काढू नका. अन् आवाज जानार, तेबी सांगू नका.”

“मग समजावू काय?”

“सही करा म्हनावं.” मग जरा जवळ येऊन, “अन् माईला तर बिलकुल कळू देऊ नका. तिचं काळीज कच्चं हाय.”

तो गेला आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने माई आली. सरूबाई. बारीक चणीची, पदर कपाळापर्यंत ओढलेली बाई.

“बाई, त्येंला कॅन्सर हाय. मला म्हाईत हाय. पर भगवानला सांगू नका मला म्हाईत हाय म्हनून. पोरगं हबकंल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोन? घरातले सगळे येकदम गोड बोलू लागले. मंग काय समजायचं?”

आता राहिले यादवराव. मी त्यांना एकट्याला आत घेतलं आणि दार लावलं. बंद दारामागे माणूस मन मोकळं करतो, असं मला शिकवलेलं. दवाखान्यात डॉक्टर एकट्यालाच आत घेऊन दार लावतो ते वाईट बातमी द्यायला, हे इकडच्या लहान पोरालाही माहीत होतं. दाराबाहेर जीप कान लावून उभी.

“यादवराव, तुम्हाला आतून कसं वाटतंय?”

“आतून खाजतं.”

“तसं नाही. म्हणजे, मनातून...”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “बाई,” त्या फाटक्या आवाजात म्हणाले, “बैल इकनारा लईच हसू लागला ना, की मी बैलाचे दात पाहतो. मी आल्यापसून तुमी हसू राह्यल्या.”

मी हसणं बंद केलं. पुढे काय करावं सुचेना म्हणून चहा मागवला. चहा यायच्या आत ते उठले. “ऑप्रेशन नको. घरी जायचं मला.” त्यांनी दार ओढलं, तर भगवान कानासकट आत आला.

हार मानणारी मी नव्हते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना परत बोलावलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. गोलात कुणी मोठं नसतं, कुणी धाकटं नसतं, असं आमचे सर म्हणायचे. सरांनी बहुधा पुण्यातच गोल मांडले असावेत. यादवराव बसले तशी सून उठून कपाटाआड गेली, सासऱ्यासमोर खुर्चीत कशी बसणार? सरूबाई खुर्ची सोडून फरशीवर बसल्या. बापाच्या बरोबरीला नको म्हणून भगवान उभा राहिला. गोलात उरले यादवराव, मी आणि रिकाम्या खुर्च्या.

“सरूबाई, तुम्हाला काय वाटतं ते बोला.”

पदर तोंडाला गेला. “त्येंच्यापुढं मी काय बोलू?”

“भगवान?”

“बाबा म्हनतील तसं.”

बाबांनी हात उडवला. नाही.

मग मी आशा या विषयावर भाषण केलं. चांगलं झालं. कपाटाआडून हुंदका आला, तेव्हा मला वाटलं, पोचलं. पुढे कळलं, उकिडवं बसून सुनेच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

ते गेले आणि मला बसवेना. आमचे डॉक्टर जाता-येता विचारायचे, “काय, झाले का तयार?” आणि स्वतःच सांगायचे, “सोमवार चुकला तर नंबर मागे जाईल. गळा काही नंबरासाठी थांबायचा नाही.” मला हे ऐकून ऐकून भोवंड यायची. बापाला ठाऊक नाही असं मुलाला वाटतंय, आईला ठाऊक नाही असंही मुलाला वाटतंय, आई मुलाला सांभाळतेय, आणि बापाच्या मनात काय आहे याचा पत्ताच नाही. सगळे एकमेकांपुढे हसताहेत आणि तिकडे गळा आवळत चाललाय. मी टेबलावरची टाचणी उचलायची, ठेवायची. वॉर्डात जायची, कशाला आले ते विसरून परत यायची. शेवटी कळलं की सोमवारच्या आधी भोकरदनचा बाजार आहे आणि आजारी असले तरी यादवराव बाजार चुकवत नाहीत. मी गाडीत बसले.

बैलबाजारात मी गॉगल लावून उतरले. दहा पावलांत चप्पल शेणात. एका खोंडाने माझ्या शबनमचा बंद चघळायला घेतला, तो सोडवताना साडीची खळ गेली आणि माझा रुबाबही. समोर रशीदभाई उभे, यादवरावांचे भागीदार. आवाज बसल्यापासून धंद्याची रीत अशी झाली होती, की यादवरावांनी कानात सांगायचं आणि रशीदभाईंनी ओरडायचं.

“आव म्याडम, जोडी देखो. एकदम गरीब है.”

“मला यादवराव पाहिजेत.”

“वो बिकाऊ नै.”

यादवराव एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी मात्र सुटले होते. हंबरण्याच्या वर आवाज चढवून म्हणाले, “यादवराव, सोमवारी भरती व्हायचंय! नाही म्हणून चालणार नाही! तुमच्या गळ्यात—”

माणसं जमली. “कोन बाई हाय?” “कुटुंब नियोजनवाली असंल.” “या वयात यादवरावला?”

आणि एकदम यादवरावांनी खांद्यावरची दस्ती काढून माझ्या उजव्या हातावर टाकली आणि दस्तीखाली माझा पंजा धरला.

दस्ती म्हणजे खांद्यावरचा रुमाल. बैलांचा सौदा आमच्याकडे तोंडाने होत नसे. दलालाने आणि घेणाऱ्याने दस्तीखाली हात मिळवायचे आणि बोटं धरून, दाबून, सोडून भाव करायचा. वर तोंडाने इकडच्या तिकडच्या गप्पा. बाकीच्यांना फक्त कापड हललेलं दिसतं. मागितलेला भाव आणि नाकारलेला भाव दोघांतच राहतो, चारचौघांत कुणाची मान खाली जात नाही. आणि दस्ती पडली की तिकडे बघायचं नाही, हा बाजाराचा कायदा.

मला हे तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच समजलं, की भर बाजारात एका पुरुषाने माझा हात धरलाय. मी किंचाळणार होते.

“आता बोला. हळू,” ते म्हणाले.

“पण लोक—”

“पहा की लोक.”

मी पाहिलं. जमलेल्या सगळ्यांनी माना फिरवल्या होत्या. कुणी बैलाची शेपटी बघत होता, कुणी तंबाखू मळत होता. माझ्या बंद दाराच्या खोलीने जे कधी दिलं नाही, ते त्या धुळीत, हंबरण्यात, एका मळक्या कापडाखाली होतं.

“मी इचारतो. व्हय असंल तर बोट दाबा, न्हाई असंल तर सोडा. तोंडानं नका बोलू, तुमचं तोंड लई गोड हाय.”

“बरं.”

“कॅन्सर हाय?”

मी दाबलं.

“आवाज जानार. कायमचा.”

दाबलं.

“न्हाई केलं तर मी जानार.”

इथे मला दाबायला हवं होतं. बोट हलेना. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग त्यांनीच माझं बोट दाबलं.

“औरंगाबादच्या वार्डात येक मानूस पाह्यला. गळ्याला भोक. तवाच समजलो,” ते म्हणाले. नजर बैलावर, जणू दातांचीच चर्चा चाललीय. “भगवान रडंल म्हनून गप राह्यलो. अन् सरूला तर काहीच म्हाईत न्हाई. तिला कोन सांगावं?”

आता सरूबाईंनी मला ‘भगवानला सांगू नका’ असं बजावलं होतं. यादवरावांचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. तसंही नवऱ्याचं नाव त्या कधीच घेत नसत. मी या फटीतून निसटले.

“त्यांना माहीत आहे.”

हात थांबला. “सरूला?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मंग माझ्यापुढं हसू काहून राह्यली?”

“तुम्ही हसू राह्यलात म्हणून.”

दुसऱ्या हाताने ते बैलाची पाठ चोळत राहिले. माझा हात घामेजला होता, पण काढून घ्यायचं धाडस होईना. मग म्हणाले, “बाई, हेड्याचा आवाज गेला की हेडी संपला. घरी बसून मी करू काय? अन् जल्मभर तिच्यावर नुसता वरडलो. आता वरडनंबी न्हाई. असला मानूस घेऊन तिनं करावं काय?”

“हे मला काय विचारता? मी काय तुमची बायको आहे?”

माझ्या सगळ्या पायऱ्यांत हे वाक्य कुठेच नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं, दस्ती ओढून घेतली आणि चालू लागले.

भाजीच्या रांगेत सरूबाई घरची वांगी घेऊन बसल्या होत्या. यादवराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. सरूबाईंना वाटलं, पाणी पाहिजे. त्यांनी तांब्या पुढे केला. यादवरावांनी तो बाजूला ठेवला आणि त्यांच्या हातावर दस्ती टाकली.

बाईचा हात दस्तीखाली त्या बाजारात कुणी पाहिला नव्हता. सरूबाईंनी हात ओढला, यादवरावांनी सोडला नाही. कुणीतरी फिदकन हसलं. एवढ्यात मागून रशीदभाईंचा आवाज आला, “ए, मुंडी घुमाव! सौदा चालू है, दिखता नै क्या?” आणि सवयीने सगळ्यांच्या माना फिरल्या.

माझी नाही फिरली. मी कधीच एवढी सभ्य नव्हते. पण मला दिसलं काय, तर कापड. हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. सरूबाईंचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. एकदा कापड इतका वेळ थांबलं, की मला वाटलं, फिसकटलं. सोमवार डोळ्यांपुढे आला. मी शबनमचा उरलेला बंद दातात धरून उभी होते. खोंडाने अर्धा खाल्ला होता, उरलेला मी.

मग सरूबाईंनी दस्ती स्वतःच्या हाताने बाजूला केली. पदर कपाळावरून मागे गेला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बरं. पर आवाज गेला म्हनून हात उचलायचा न्हाई.”

यादवरावांनी मान हलवली. वांग्यांच्या पलीकडून रशीदभाई म्हणाले, “मैं गवाह.”

सोमवारी ते भरती झाले. सही केली. भगवानला त्यांनी स्वतः सांगितलं, त्या आवाजाने सांगितलेलं ते जवळजवळ शेवटचं. भगवान रडला आणि मग आईला कसं सांगायचं म्हणून घाबरला. सरूबाई म्हणाल्या, “तू आधी नाक पूस.”

ऑपरेशन झालं. माणूस वाचला. गळ्याच्या भोकातली नळी रोज काढून धुवायची, धूळ जाऊ नये म्हणून वर ओलं पातळ फडकं बांधायचं, ते सगळं सरूबाई शिकल्या. यादवराव बाजारात परत गेले. दस्तीखाली आवाज लागत नाही, आणि वर बोलायला रशीदभाई होतेच.

मी मात्र फुगले. जिथे जाईन तिथे ही गोष्ट सांगायची. एवढंच नाही, एक नवी दस्ती आणून खोलीत खुंटीला टांगली. अंबडचे एक निवृत्त मास्तर आले होते, बायकोच्या स्तनाच्या गाठीमुळे हादरलेले. काही बोलेनात म्हणून मी मोठ्या हौसेने त्यांच्या हातावर दस्ती टाकली. मास्तर ताडकन उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, “चल, इथं हात बघतेत.” ती दस्ती पुढे टेबल पुसायला गेली. ती यादवरावांच्या मापाची होती. मास्तरांचं माप वेगळं होतं, ते मला त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याकडून बुद्धिबळात हरता हरता सापडलं.

यादवराव तपासणीला यायचे. त्यांना डॉक्टरांकडे पाठवून मी सरूबाईंना विचारायची. जेवतात का? झोपतात का? चिडचिड करतात का? हात उचलला का?

“न्हाई. शब्दाचा मानूस हाय,” सरूबाई म्हणायच्या. “काठी आपटतेत.”

“कशाला?”

“मला बोलवायला.”

मी म्हणायची, चला, हे बरंय. काही वर्षं गेली, माझं ‘बरंय’ चालूच. एकदा अशाच त्या आल्या, बाकावर बसल्या आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, “जेवतेत. झोपतेत. चिडतेत. झालं?”

“झालं.”

“आता मी बोलू?”

मी खुर्ची पुढे ओढली. वाटलं, आता काहीतरी मोठं येणार. अश्रू, दुःख, सासरचं, माहेरचं. माझे कान तयार होते.

“सकाळी उठल्यापसून काठी वाजती,” त्या म्हणाल्या. “पानी पायजे, काठी. माशी बसली, काठी. मी शेतात गेले, काठी. मोरीत बसले तरी काठी. मला बाई, आता न वाजताबी वाजू राह्यली. भैनीच्या पोरीचं लगीन झालं, मी गेले न्हाई. त्येंचा वरडा होता ना, तवा तोंड दुखलं की थांबत तरी होते. काठीला तोंड न्हाई.”

“मी बोलते यादवरावांशी. भगवानलाही...”

“बोला मंग. आज नका बोलू.” त्यांनी बाकावर पाय वर घेतले. “आज मला हितं आडवं होऊ द्या. हितं काठी ऐकू येत न्हाई.”

“मी पडदा ओढू का? डोळे मिटून जरा श्वास...”

“तुमी भाईर जावा.”

मी बाहेर गेले. माझ्याच खोलीतून मला कुणी घालवलं, ते त्या एका दिवशी. दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. आत एक फाइल होती, ती लागत होती. पाणी प्यायचं होतं. दोनदा उठून उभी राहिले आणि दोनदा बसले.

थोड्या वेळाने वऱ्हांड्यात काठी वाजली. यादवराव तपासणी आटोपून येत होते, गळ्याला फडकं, डोळ्यांत घाई. फाटकाकडे बोट केलं, म्हणजे बाहेर थांबणारी एसटीची गाडी. मग दाराकडे, म्हणजे ती. मी म्हणाले, “झोपल्यात.”

त्यांना पटलं नाही. सरूबाई आणि दिवसा झोपलेल्या? मला बाजूला सारून त्यांनी दार उघडलं.

त्या कुशीवर पडल्या होत्या. एका पायातली चप्पल तशीच. तोंड उघडं, हात खाली लोंबत होता. यादवरावांचं तोंड उघडलं, ती जुनी हाक निघणार तसं, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. मग काठी वर गेली. ते बघत राहिले. काठी हवेत होती. ती खाली आली, पण फरशीवर नाही. त्यांनी ती काखेत घेतली, कुठे लागू नये म्हणून अंग चोरून मागे सरकले आणि कडीचा आवाज होऊ न देता दार ओढलं.

माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. पुन्हा फाटकाकडे बोट केलं. गाडी निघायची वेळ झाली होती.

“नंतर दुसरी आहे,” मी म्हणाले.

दुसरी नव्हती. टेंभुर्णीकडे जाणारी ती शेवटची. मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं येणं-जाणं करणाऱ्या त्या माणसाला माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही. त्यांनी मान हलवली आणि काठी कट्ट्याखाली सरकवून दिली.

बाहेर गाडी सुरू झाली, वळली, गेली. आम्ही दोघं तसेच बसलो होतो. आत सरूबाई घोरायला लागल्या होत्या, चांगल्या मोठ्यानं.